सुखान्ताचा अधिकार : कोलकात्यातील समलिंगी प्रेमकथेच्या निमित्ताने

प्रेमकथेचा सुखान्त हा समीक्षेच्या दृष्टीने नेहमीच काहीसा संशयास्पद राहिला आहे. शोकान्त प्रेमकथेला गांभीर्याचा मान सहज मिळतो. सुखान्त प्रेमकथेला मात्र आपण केवळ रंजनासाठी जन्मलेलो नाही हे सिद्ध करावे लागते. या संशयाला कारण आहे. वाचकाच्या इच्छेला शरण जाऊन लेखक जेव्हा पात्रांच्या मार्गातील अडचणी शेवटच्या प्रकरणात दूर करतो, तेव्हा अनुभवाची सत्यता उणावते आणि कलाकृतीचा घाट सैल पडतो. तथापि हा निकष सर्व प्रकारच्या प्रेमकथांना सारख्याच न्यायाने लावता येईल काय, हा प्रश्न समलिंगी प्रेमावरील कथावाङ्मयाने समीक्षेपुढे उभा केला आहे. अशा कथांनी आपल्याला जगण्याचे बळ दिले, मनावरील घाव भरून आणले, असे सांगणारे वाचक जगभर आहेत. त्यांची ही साक्ष केवळ भाबडेपणाची म्हणून बाजूला सारता येत नाही. तिच्यात वाङ्मयाच्या कार्याविषयीचा एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे.

या प्रश्नाचा विचार कोलकात्याच्या संदर्भात करणे विशेष उद्बोधक ठरते. विरहाला आणि अपुऱ्या प्रेमाला बंगाली कादंबरीने जे स्थान दिले, त्याचा प्रभाव साऱ्या भारतीय भाषांवर पडला. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून शरच्चंद्र मराठी घरांत पोचले आणि 1917 साली प्रसिद्ध झालेल्या ‘देवदास’चा नायक पुढे अर्धशतकभर भारतीय प्रेमिकाची प्रतिमाच होऊन बसला. प्रेयसीच्या दाराशी येऊन मरणारा हा नायक रसिकांना हळहळ लावतो. परंतु त्या हळहळीत वाचकाचे स्वतःचे काही पणाला लागलेले नसते. देवदास मेला तरी त्याच वाचकापुढे विवाहाची, संसाराची, म्हातारपणापर्यंत टिकणाऱ्या सोबतीची इतर शेकडो कथानके उभी असतात. त्याच्यासाठी शोकान्त हा अनेक शक्यतांपैकी एक असतो, आणि म्हणूनच तो त्याचा सौंदर्यदृष्टीने आस्वाद घेऊ शकतो. ज्या वाचकाला आपल्यासारख्या माणसाची कथा आयुष्यात एकदाच वाचायला मिळते आणि तीही मृत्यूने संपते, त्याच्यापुढे मात्र तो शोकान्त निकालपत्र म्हणून येतो.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा प्रश्न रसाभासाचा आहे. रसभंगाचे कारण अनौचित्य, असे आनंदवर्धनाने सांगितले. रावणाच्या सीतेविषयीच्या अभिलाषेत शृंगार नसून शृंगाराचा आभास आहे, असे अभिनवगुप्ताने दाखविले. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रती कोठे अनुचित ठरते याची गणनाच केली आहे. गुरुपत्नी किंवा मुनिपत्नी यांच्याविषयीची, अनेक नायकांविषयीची, एकाच बाजूची, पशुपक्ष्यांतील, अशी ती यादी आहे. समलिंगी रतीचा स्वतंत्र निर्देश तिच्यात नाही. अर्थात नायक आणि नायिका हीच जोडी शास्त्राने गृहीत धरलेली असल्यामुळे या अनुल्लेखातून फार मोठा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. रावणाच्या बाबतीत अनौचित्य येते ते सीतेच्या मनात प्रतिसाद नाही म्हणून. परस्परता हा शृंगाराचा प्राण मानला, तर दोन पुरुषांतील अथवा दोन स्त्रियांतील परस्पर अनुरागाची कथा रसाभासाच्या कोटीत ढकलण्यास शास्त्राचा आधार अपुरा पडतो. जो आधार उरतो तो लोकरूढीचा. आणि लोकरूढी बदलते, हे औचित्यविचारालाही मान्य करावेच लागते.

लोकरूढी बदलण्याची ही प्रक्रिया कोलकात्यात वाङ्मयाच्या कडेकडेने घडली. कमलकुमार मजुमदार यांच्या ‘मल्लिका बाहार’ या कथेत दोन स्त्रियांमधील ओढ पूर्वीच प्रकट झाली होती. परंतु कमलकुमारांची दुर्घट भाषा आणि त्यांचा मर्यादित वाचकवर्ग यांमुळे ती जाणकारांपुरती राहिली. 1993 साली शहरात ‘कौन्सेल क्लब’ ही संस्था उभी राहिली. तिच्या ‘प्रवर्तक’ या नियतकालिकामुळे आणि टपालपेटीमुळे दूरदूरच्या गावांतील माणसे तिच्याशी पत्राने जोडली गेली. 2 जुलै 1999 रोजी अवघी पंधरा माणसे कोलकात्याच्या रस्त्यावरून मैत्रीयात्रा म्हणून चालली. दक्षिण आशियातील अशी ती पहिली पदयात्रा मानली जाते. त्याच वर्षी ‘सॅफो’ हा स्त्रियांचा गट स्थापन झाला आणि पुढे ‘स्वकण्ठे’ हे त्याचे नियतकालिक कोलकात्याच्या पुस्तकमेळ्यात वाचकांच्या हाती पडू लागले. कौन्सेल क्लबकडे आलेल्या पत्रांच्या आधारे पवन ढाल यांनी लिहिलेला ग्रंथ 2020 साली कोलकात्याच्याच सीगल प्रकाशनाने प्रसिद्ध केला.

या पत्रव्यवहाराचे वाङ्मयीन महत्त्व असे की, आपल्या अनुभवाला शब्द आहे आणि तो शब्द उच्चारणारे दुसरे कोणीतरी आहे, हा शोध एकाकी माणसाला छापील पानातून लागतो. कथावाङ्मयाकडून होणाऱ्या घाव भरण्याची सुरुवात येथूनच होते. स्वप्नमय चक्रवर्ती यांनी ‘हलदे गोलाप’ या कादंबरीत आकाशवाणीवरील एका कार्यक्रमाला येणाऱ्या श्रोत्यांच्या पत्रांचा जो उपयोग केला आहे, तो या दृष्टीने सूचक आहे. ऋतुपर्ण घोष यांच्या संपादनाखालील ‘रोबबार’ या पुरवणीतून ती क्रमशः प्रसिद्ध झाली आणि 2015 साली तिला आनंद पुरस्कार मिळाला. माहितीचा मोठा पसारा तिच्यात आहे आणि त्या ओझ्याखाली कथा काही ठिकाणी दबते. तरीही बाहेरून कुतूहलाने पाहणाऱ्या माणसाची दृष्टी पत्रागणिक बदलत जाते, हे तिचे खरे यश होय.

तिलोत्तमा मजुमदार यांच्या ‘चाँदेर गाये चाँद’ या 2003 च्या कादंबरीने मुलींच्या वसतिगृहातील प्रेम मुख्य प्रवाहातील बंगाली वाचकापुढे ठेवले. कोलकात्यातील वसतिगृह ही जागा येथे महत्त्वाची आहे. घरापासून सुटका आणि घराचीच नजर या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदतात. सैकत मजुमदार यांच्या ‘द सेंट ऑफ गॉड’ या 2019 च्या इंग्रजी कादंबरीत कोलकात्याजवळील संन्याशांच्या निवासी शाळेतील अनिर्वाण आणि काजल या दोन मुलांचे प्रेम आहे. धूप, प्रार्थना, भगवी वस्त्रे, गाण्याचा नाद अशा भक्तीच्या सामग्रीतूनच ते उमलते. प्रेमाला पाप ठरविणारी जी पवित्रता, तिच्याच इंद्रियगोचर रूपांतून प्रेमाची भाषा घडविणे, ही या कादंबरीची कल्पकता आहे. मधुराभक्तीच्या बंगालमधील परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला ती परकी वाटत नाही.

या कथांवर काय अवलंबून आहे याची जाणीव 2011 साली नंदीग्राम परिसरातील एका घटनेने करून दिली. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणींनी जीवन संपविले आणि त्यांचे मृतदेह ताब्यात घेण्यास कुटुंबीय पुढे आले नाहीत. देवलीना मजुमदार यांच्या ‘एबंग बेवारिश’ या 2013 च्या चित्रपटात या घटनेचा मागोवा आहे. एखादी आशावादी कथा वाचायला मिळाली असती तर त्या वाचल्या असत्या, असे म्हणणे उथळपणाचे होईल. कथा ही कुटुंबाची, कायद्याची किंवा वैद्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु ज्या समाजाच्या कल्पनेत अशा दोघींच्या सहजीवनाचे एकही चित्र नाही, तो समाज त्यांना मरणानंतरही बेवारस ठेवतो, एवढे त्या घटनेवरून निश्चित म्हणता येते. कल्पनेतील ही पोकळी भरणे हे ललित वाङ्मयाचेच काम होय.

पाश्चात्त्य वाङ्मयात याची जाणीव पूर्वीच झालेली दिसते. ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ ही कादंबरी 1913-14 मध्ये लिहिली. ती प्रसिद्ध झाली लेखकाच्या मृत्यूनंतर, 1971 साली. नायकाचा शेवट दुःखद केला असता तर प्रकाशन सुकर झाले असते, याची फॉर्स्टर यांना कल्पना होती. तरीही सुखान्त त्यांनी अपरिहार्य मानला. पॅट्रिशिया हायस्मिथ यांची ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ 1952 मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन स्त्रियांच्या कथेला भविष्य ठेवल्याबद्दल आभार मानणारी वाचकांची पत्रे लेखिकेकडे येत राहिली. या दोन सुखान्तांत मात्र भेद आहे. फॉर्स्टर यांचे प्रेमिक समाजाबाहेरच्या अरण्यात निघून जातात. हायस्मिथ यांची नायिका शहरातच राहते आणि प्रेमासाठी आपल्या मुलीचा सहवास गमावते. पहिल्या सुखान्तात इच्छा अधिक आहे. दुसऱ्यात किमतीची नोंद आहे. कोलकात्यासारख्या दाट वस्तीच्या शहरात पळून जायला अरण्य नाही. तेथील आशेला वसतिगृहात, शाळेत, भाड्याच्या खोलीत, नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या नजरेसमोरच जागा शोधावी लागते.

येथे सांत्वन आणि आशा यांतील भेद करणे आवश्यक ठरते. सांत्वन दुःख विसरायला लावते. आशा दुःखाचा हिशेब मांडून त्यापलीकडची वाट दाखविते. ज्या प्रेमकथेत आई एका संवादात समजूतदार होते, मालक खोली सहज देतो आणि कायदा आड येत नाही, ती कथा वाचकाला घटकाभर सुखावते आणि पुस्तक मिटताच अधिक एकटे सोडते. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले; 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. म्हणजे आजच्या प्रेमिकांना भीतीवाचून भेटता येते, परंतु पतिपत्नीला मिळणारे कायदेशीर नाते त्यांना मिळत नाही. या अर्ध्या उघडलेल्या दारातूनच आजची सच्ची आशावादी कथा जाऊ शकेल.

मराठी वाङ्मयाने या वाटेवर काही पावले टाकली आहेत. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या 1981 मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकाने विषयाला विलक्षण धैर्याने वाचा फोडली. त्यातील मित्रा अखेर मरणाला कवटाळते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’मध्ये रोजनिशीच्या साध्या रूपाने एका तरुणाची स्वीकारापर्यंतची वाटचाल आली. सचिन कुंडलकर यांच्या 2006 मधील ‘कोबाल्ट ब्लू’त भाऊ आणि बहीण एकाच तरुणावर प्रेम करतात, तो निघून जातो, आणि तरीही दोघांचे जगणे चालू राहते. मित्राच्या मरणापासून या जगत राहण्यापर्यंतचे अंतर पंचवीस वर्षांचे आहे. त्यापुढील अंतर, म्हणजे निव्वळ तगून राहण्यापासून एकत्र नांदण्यापर्यंतचे, मराठी कादंबरीला अजून बरेचसे चालायचे आहे.

साहित्य अकादेमीने 2018 च्या जुलैमध्ये कोलकात्यात तृतीयपंथी कवींचे संमेलन भरविले. संस्थांच्या मान्यतेला अर्थ आहे. परंतु व्यासपीठ दिल्याने समीक्षेची जबाबदारी संपत नाही. या वाङ्मयाला केवळ सहानुभूतीने वाचणे हा त्याचा एक प्रकारे अनादरच होय. त्यातील भाबडे सुखान्त भाबडे म्हणून दाखविले पाहिजेत, आणि शोकान्तही केवळ शोकान्त आहे म्हणून गंभीर मानता कामा नये. कारण ठरीव मृत्यू हा ठरीव विवाहाइतकाच सांकेतिक असू शकतो. दोन माणसे दिवसाअखेर एका खोलीत परततात, दार लावतात आणि उद्याच्या बाजाराची यादी करतात, एवढेच चित्र संपूर्ण किमतीसह ज्या कादंबरीत विश्वसनीय होईल, तिला रसाभासाचा आक्षेप बाधणार नाही. तिने दिलेल्या आशेची सत्यता तिच्या कलात्मक सत्यतेवरच पारखली जाईल.