50 रुपयांचा दंड आणि भलामोठा निष्कर्ष

कामगार कायदे सैल केले की रोजगार वाढतो, असं सांगताना बेस्ली आणि बर्जेस यांच्या 2004 सालच्या निबंधाचा दाखला हमखास दिला जातो. औद्योगिक विवाद कायद्यात राज्यांनी केलेल्या दुरुस्त्यांना त्यांनी गुण दिले. कामगारांच्या बाजूची दुरुस्ती अधिक एक, मालकांच्या बाजूची उणे एक. निष्कर्ष असा की कामगारधार्जिण्या राज्यांत नोंदणीकृत कारखानदारी मागे पडली.

आता आपण गुजरात पाहू. ते ‘कामगारधार्जिणं’ ठरलं एकाच दुरुस्तीमुळे: संयुक्त व्यवस्थापन मंडळावर प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकाला दिवसाला 50 रुपये दंड! याचा कामगारकपातीशी संबंध काय? आदित्य भट्टाचार्जी यांनी 2006 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. तर्काचा दोष साधा आहे: मोजलं एक, सिद्ध केलं दुसरंच.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनं कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर नेली. दीडशे जणांच्या कारखान्यातल्या कामगाराला उरते ती नोटीस आणि नोकरीच्या वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई. त्याचं संरक्षण नक्की गेलं. नवा रोजगार मात्र अजून शक्यताच आहे. ही जोखीम त्यानंच का उचलावी, याचं उत्तर आपण मागितलं पाहिजे.