मोगलाई

दिवाळी अंक उघडावा आणि त्यात पेशवाईवरची एखादी कथा नसावी, असे क्वचितच घडते. तिच्यात निजाम आला, की पुढचे न वाचताच कळते. तो पालखेडला (१७२८) कोंडला जाणार, राक्षसभुवनी (१७६३) हरणार आणि खर्ड्याला (१७९५) जनान्याच्या घाबरगुंडीपायी गढीत शिरणार. वाचक खूश होतो. लहानपणी मीही होत असे. पण मी पडलो हिंगोलीचा. आमच्या पाच पिढ्या निजामाच्या मुलखात गेल्या. तेव्हा प्रश्न पडतोच : मराठ्यांकडून असे वारंवार हरणाऱ्या घराण्याचे राज्य १७२४ पासून १९४८ पर्यंत टिकले कसे?

कथाकार हा प्रश्न विचारीतच नाहीत, हा माझा आक्षेप आहे.

साखरखेर्ड्याला १७२४ साली निजामुल्मुल्काने दिल्लीच्या बाजूने आलेल्या मुबारिझखानाला मारले. पण बादशाही झुगारली नाही. मालक थकला की वाटेकरी बांध सरकवतो, पण जमीन मालकाच्याच नावावर ठेवतो, तसे हे. १८५७ पर्यंत हैदराबादचे नाणे दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत होते. मिसर देशात महंमद अली या अल्बेनियन सरदाराने १८०५ साली असेच बस्तान बसवले. मात्र तुर्की सुलतानाशी लढाया करून शेवटी १८४१ साली त्याने वंशपरंपरागत सुभेदारी मिळवली, तीही सुलतानाच्या छत्राखालीच! आमच्या निजामाने तेच दिल्लीवर चालून न जाता साधले. असे धूर्त पात्र कथेत नुसते पळताना दाखवायचे, म्हणजे लेखकाने आपल्याच हाताने कथा दरिद्री करणे होय. आणि राक्षसभुवनी निजामासाठी लढता लढता पडलेला दिवाण विठ्ठल सुंदर? तो तर आपलाच, मराठी माणूस. त्याच्या मनात शिरणारी कथा मला हवी आहे.

दिल्लीचे तख्त गेले, तरी आमच्याकडे या राज्याला ‘मोगलाई’च म्हणत. ज्या फौजेच्या खर्चापायी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेला, तिची एक छावणी हिंगोलीतच होती. मग पैनगंगेपलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली. आजी म्हणे, “माझं माहेर इंग्रजीत, सासर मोगलाईत.” कथाकारांना ‘मोगलाई’ म्हणजे फक्त अंदाधुंदी ठाऊक, आजीला तो सासरचा पत्ता होता. निजामाचे गोडवे गा, असे मी म्हणत नाही. आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नांदापूरचे नरहर कुरुंदकर यांनी ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’मध्ये या राज्याच्या शेवटाचा विचार केला, ललित लेखक मात्र अजून खर्ड्यावरच मुक्कामाला आहेत.

१९४८ साली रझाकारांच्या भीतीने आजी मुलांना घेऊन रातोरात पैनगंगा उतरली. कनवटीला होते ते हालीचे रुपये. पलीकडच्या दुकानदाराने ते घ्यायला फार खळखळ केली, असे ती सांगे. शेवटी एक पायली ज्वारीसाठी तिने हातातली पाटली काढून दिली.