कपाटाची समीक्षा

लाकडी कपाटाची परीक्षा घेण्याची आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. कपाटापुढे उभे राहायचे, दारावर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि गंभीरपणे "हं!" म्हणायचे. या टकटकीतून दार भरीव की पोकळ, याहून फारसे काही कळत नाही. पण त्या "हं"चा दरारा असा, की दुकानदार लगेच "प्युअर सागवान आहे, साहेब!" म्हणतो. साहेबांना तेवढेच ऐकायचे असते.

दुसरी परीक्षा वजनाची. दोघांना हलत नाही ते कपाट अस्सल, असे आमच्या शेजारच्या नानांचे मत. अहो, पण लाकडाचे बारीक तंतू डिंकात दाबून केलेला तो एमडीएफ घनमीटरला ७०० ते ७५० किलो भरतो, आणि वाळलेला साग साधारण ६५०. म्हणजे नानांच्या तराजूत सागच नापास! जाडजूड ती थोर कादंबरी, असे मानणाऱ्या वाचकांचेच नाना भाऊबंद.

तिसरी परीक्षा चकाकीची. पॉलिश म्हणजे पुस्तकाचे वेष्टन. वेष्टन पाहून अभिप्राय देण्याची सोय साहित्यात आहे. कपाटाच्या बाबतीत मात्र आत शिरावे लागते.

तेव्हा आधी खण पूर्ण बाहेर ओढा आणि पुढची फळी बाजूच्या फळीला कशी भेटली आहे ते बघा. एकीचे दाते दुसरीच्या खाचांत कबुतराच्या शेपटीसारखे अडकले असतील, तर हा संसार टिकणार. नुसत्या खिळ्यांवर भागवले असेल, तर एक दिवस दर्शनी फळी तुमच्या हातात आणि खण कपाटात!

मग फळीचे टोक पाहा. अस्सल फळीवरच्या रेषांचा धागा टोकावरही लागतो. वरून चिकटवलेल्या पापुद्र्याच्या रेषा मात्र कडेशी येऊन एकदम गप्प होतात. सागातही पांढुरकी पट्टी दिसली, तर ती सालीजवळची. वाळवी गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही, या पट्टीचा मात्र समाचार घेते. म्हणजे दुकानदाराचे "सागवान" खरे असूनही तुम्ही फसू शकता.

चौकटीच्या खाचेत रुंद फळी किंचित सैल वाटली, तर सुताराला नावे ठेवू नका. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. लांबीला जवळजवळ नाहीच. शहाणा सुतार फळीला हलायला जागा ठेवतो. चारी बाजूंनी जखडलेली फळी कधीतरी तडकतेच. माणसांचे तरी वेगळे काय होते?

प्लायवुडवर माझा राग नाही. थरांची आडवी-उभी मांडणी असल्यामुळे ते फुगण्या-आक्रसण्याचे फारसे नखरे करत नाही, आणि आयएस ७१०चा शिक्का असलेले तर पाण्यालाही दाद देत नाही. प्लायवुड म्हणून विकलेले प्लायवुड प्रामाणिकच. राग आहे तो सागाचे सोंग घेऊन सागाचा भाव मागणाऱ्या भुशावर. कपाट दीड वर्षाचे आणि हप्ते दोन वर्षांचे, हे गणित पगारदार माणसाला परवडत नाही.

शेवटी कपाट भिंतीपासून ओढून त्याची पाठ पाहा. पाठ ही सुताराची खाजगी डायरी. कुणी वाचणार नाही या भरवशावर तिथे खरे ते लिहिलेले असते. पण सगळा दोष सुतारावर टाकायचे कारण नाही. आपण दारे वाजवतो, म्हणून तो दारे घोटतो. पाठ पाहणारी गिऱ्हाइके वाढली, की पाठीही सुधारतील.

दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या. आणि जिथे कपाट भिंतीपासून हलवूच देत नाहीत, तिथली समीक्षा तिथेच पूर्ण झाली असे समजावे.