बारा कोस कीं एक घळ?

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असें आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्यांत एक सिद्धान्तच दडलेला आहे. माणसें एकमेकांपासून जितकीं दूर, तितका त्यांच्या बोलींत फरक अधिक. आणि तो पडण्यास अंतराखेरीज दुसरें कारण लागत नाहीं. परंतु घाट उतरून कोंकणांत गेलेल्यास हेंही ठाऊक असतें कीं, कित्येकदां बोली कोसांचा हिशेब मानीत नाहीं; चढणीच्या अल्याड एक आणि पल्याड दुसरी असते. वनस्पतींतील आनुवंशिक भेदांविषयीं गेल्या शतकांत एक दीर्घ वाद झाला, तो मुळांत याच दोन म्हणण्यांमधला होता. त्यांतील मुख्य निबंध नुकतेच पुन्हां ओळीनें वाचले; त्यांचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

वादाचें निमित्त दिसावयास क्षुल्लक आहे. कॅलिफोर्नियांतील मोहावे वाळवंटांत लिनॅन्थस पॅरिए नांवाचें बोटभर उंचीचें रोप उगवतें. पाऊस बरा झाला तर जमीन त्याच्या फुलांनीं झांकून जाते. न झाला तर बीं मातींत वर्षानुवर्षें वाट पाहत पडून राहतें. फूल पांढरें तरी असतें किंवा निळें तरी, आणि हा रंग वंशानें ठरतो. एपलिंग व डोबझान्स्की यांनीं हजाराहून अधिक ठिकाणीं हीं फुलें मोजून आपली पाहणी १९४२ मध्यें प्रसिद्ध केली. बहुतेक प्रदेश पांढरा, आणि मधूनच निळ्याचे पुंजके, असें तें चित्र होतें.

दुसऱ्याच वर्षीं स्यूअल राइट यांनीं ‘अंतरजन्य विलगते’चें आपलें गणित मांडलें व तें याच आकड्यांस लावून दाखविलें. त्यांचें म्हणणें असें: बीं व पराग फार दूर जात नाहींत, म्हणून प्रत्येक रोपाच्या सोयरिकीचें वर्तुळ लहान राहतें. लहान वर्तुळांत केवळ यदृच्छेनेंही एखादा रंग वरचढ होतो, व दूरदूरचीं वर्तुळें भिन्न होत जातात. हे निबंध आजही वाचतांना बुद्धीस खरा आनंद होतो. पण दोष त्या आनंदाच्या पोटांतच आहे. दुसऱ्यांनीं मोजलेल्या रंगांच्या त्या आकड्यांत अंतर होतें, माती नव्हती. जी गोष्ट मोजलीच नाहीं ती उत्तरांत कोठून येणार?

एपलिंग यांचें मत मात्र पुढें पालटलें. दशकाहून अधिक काळ एकाच पट्ट्यांतील फुलें मोजून त्यांनीं १९६० मध्यें सहकाऱ्यांसह लिहिलें कीं, रंगांचें प्रमाण जवळजवळ हललेंच नाहीं; म्हणजे येथें यदृच्छेपेक्षां निवडीचा हात असावा. स्वतःच्याच आकड्यांच्या प्रसिद्ध अर्थाविरुद्ध जाण्याचें हें धैर्य मला सबंध वादांत सर्वांत आदरणीय वाटतें. राइट यांनीं १९७८ च्या आपल्या ग्रंथांतही जुनाच पक्ष राखला. त्या वेळीं ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते!

निर्णायक काम शेम्स्की व बिअरझिकुडेक यांचें. २००१ च्या निबंधांत त्यांनीं अकरा वर्षांच्या निरीक्षणावरून दाखविलें कीं, ज्या वर्षीं एकंदर बीं थोडें धरतें त्या वर्षीं निळीं रोपें सरस ठरतात, भरघोस वर्षीं पांढरीं. २००७ चा निबंध त्याहून मार्मिक. एका अरुंद घळीच्या एका कांठावर निळीं व दुसऱ्यावर पांढरीं फुलें. मधलें अंतर नगण्य. प्रथम त्यांनीं रोपांतील विकरांचे भेद तपासले, तों दोन्ही कांठ सारखेच! म्हणजे सोयरीक घळ ओलांडून चाललेली. तरीही रंग मात्र घळ ओलांडीत नाहीं. मग रोपांची अदलाबदल करून त्यांनीं निवडीचा पुरावा मिळविला. दोन कांठांची मातीही वेगळी निघाली.

येथें उतावीळ वाचक म्हणेल, राइट हरले. मला तसें वाटत नाहीं. विकरांनीं घळ जुमानली नाहीं आणि रंगानें जुमानली, ही तुलनाच पुराव्याचें बळ आहे. आणि नुसत्या अंतरानें व यदृच्छेनें काय घडावें याचें माप राइट यांनींच घालून दिलें होतें. शिवाय एका घळीवरून साऱ्या वाळवंटाचा निवाडा करणें धाडसाचें होईल. रंग हाच निवडीचा विषय आहे, कीं त्याच जनुकाशीं बांधलेला दुसरा एखादा गुण, हेंही या प्रयोगानें उलगडत नाहीं.

हा वाद विद्वानांपुरता नाहीं. उजाड रानांत बीं पेरणारा मनुष्य तें कोठून आणतो? जवळचें तें आपलें, असें समजून दुसऱ्या कांठाचें बीं आणणाऱ्यानें रोपें करपलेलीं पाहिलीं, तर त्यानें पावसाला दोष देऊं नये.

एक कबुलीही दिली पाहिजे. हें फूल यदृच्छेचें निर्विवाद उदाहरण म्हणून मीं स्वतः कित्येक वर्षें वर्गांत शिकविलें. क्रमिक पुस्तकांत तसें होतें, आणि फळ्यावर तें सुबक दिसे. आतां १९४३ चा व २००७ चा निबंध विद्यार्थ्यांच्या हातीं एकदमच देतों, आणि पहिला आधीं वाचावयास सांगतों.