जुन्या नादाचे पुनर्मुद्रण

दुर्मिळ ग्रंथ पुन्हा छापला गेला की आपण आनंदतो. तो कशासाठी छापला, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. हाच प्रश्न गेली काही वर्षे गिटारवादकांच्या जगात निराळ्या रूपाने उभा राहिला आहे. तेथे पुनर्मुद्रण चालले आहे ते एका चिपचे.

गिटारवादकाच्या पायाशी एक लहानशी पेटी असते. तिला पेडल म्हणतात. तिच्यातून जाताना तारेचा नाद पालटतो. प्रतिध्वनी देणारी जुनी पेडले ज्या चिपवर चालत, तिची कल्पना १९६९ साली फिलिप्स कंपनीतील सँगस्टर आणि टीअर यांनी मांडली. तिला नाव पडले ‘बादल्यांची रांग’. आम्हां मराठवाड्यातल्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. विहिरीपासून माणसे रांगेने उभी राहून घागर हातोहात पुढे देतात, तसा नादाचा एकेक अंश एका घरातून पुढच्या घरात सरकतो. जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या एम. एन. ३००५ या चिपमध्ये अशी ४०९६ घरे होती. रांग सावकाश चालवली की प्रतिध्वनी अधिक उशिरा येतो. पण वाटेत पाणी सांडावे तसे नादातले बारकावे गळतात आणि तो मंद, किंचित काळोखा होऊन परततो.

वस्तुतः हे सांडणे म्हणजे दोषच. संगणकी साधनांनी तो दूर केला आणि जुन्या चिपांचे कारखाने थांबले. मग रसिकांच्या ध्यानी आले की आपल्याला तो दोषच हवा होता! २०१० नंतरच्या दशकात एक्सवाइव्ह या कंपनीने, जुन्या ‘मेमरी मॅन’ पेडलचे रचनाकार हॉवर्ड डेव्हिस यांचे साहाय्य घेऊन, एम. एन. ३००५ पुन्हा बाजारात आणली. दुसरीकडे, जुने क्रमांक छापलेले बनावट तुकडेही विकले जाऊ लागले.

या साऱ्यात दोन गोष्टींची गल्लत होते, असे मला वाटते. एक डागडुजी, दुसरी पूजा. मुक्या झालेल्या वाद्याला त्याचा हरवलेला भाग मिळवून देणे हे पुण्याचे काम आहे. आमच्याच पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीतले अपपाठ काढून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच वृत्तीने. पण त्याआधी, १५७३ सालीच, त्यांनी आपले भागवत पुरे केले होते. त्यात ज्ञानेश्वरांचे ऋण आहे, नक्कल नाही. ज्याला स्वतःचे बोलता येते, त्यालाच दुसऱ्याचे शब्द जपण्याचा खरा अधिकार.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या देवगाव फाट्यावर लग्नसराईत बेंजोचा आवाज कानी पडतो. या वाद्याचे मूळ नागोया शहरातले. तेथे १९१२ साली निघालेले ताइशोगोतो आपल्याकडे बुलबुलतरंग झाले आणि वीज लावून वरातीत शिरताच ‘बेंजो’ ठरले. नागोयाचा अस्सल नाद हवा, असा हट्ट इथे कोणी धरला नाही. कर्ण्यातून घुमणारा, थोडा कर्कश, पण नाचणाऱ्याचे पाय उचलणारा हा नाद आपल्या माणसांनी घडवला. मिळेल त्या साधनाने आणि वरातीच्या गरजेने तो घडला. अभिजनांच्या अभिरुचीने त्याची कधी दखल घेतली नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणून जुन्या चिपांना माझा विरोध नाही. ऐन हंगामात प्रतिध्वनीची पेटी बंद पडली आणि तिचा एक भाग कुठेच मिळत नसला, तर वादकाची सुपारी बुडते. अशा वेळी पुन्हा निघालेला तो लहानसा तुकडा एखाद्या घरची चूल पेटती ठेवतो. पण एखादा होतकरू पोरगा केवळ क्रमांकाच्या मोहाने पैसे साठवीत बसला, तर त्याला मी एवढेच सांगेन: डोळे मीट, दोन्ही पेट्या ऐक. कानाला फरक कळला तर घे. न कळला तर तो पैसा तारांवर आणि रियाझावर घाल. जुनी चिप फार तर दुसऱ्याचा प्रतिध्वनी परत आणील. पहिला सूर मात्र ज्याचा त्यानेच लावायचा असतो.