उशाशी बसलेला बागुलबुवा

आमच्या घरात बागुलबुवा माळ्यावर राहात असे. त्याला कुणी पाहिलेले नव्हते. पण दिवा मालवल्यावर बडबड करणाऱ्या मुलांना तो उचलून नेतो, ही माहिती घरातल्या यच्चयावत वडीलधाऱ्यांपाशी होती. पुढे मी स्वतः वडीलधारा झालो, तेव्हा मीही त्याला माझ्या मुलीसाठी कामाला लावले. त्याचे नाव काढताच ती डोळे गच्च मिटून घेई. डोळे मिटणे म्हणजे झोप लागणे नव्हे, एवढे मात्र मला तेव्हा उमगले नाही. गेल्या वर्षी आपली चार वर्षांची लेक चार दिवस माझ्या स्वाधीन करताना तिने बजावले, "बाबा, हिला बागुलबुवा सांगायचा नाही हं! मी दहा वर्षांची होईतो रात्री पाणी प्यायला उठत नव्हते, ठाऊक आहे तुम्हांला?" मला ठाऊक नव्हते. मी ओशाळलो.

जाताना तिने एक चित्रांचे पुस्तक माझ्या हाती ठेवले. उघडून पाहतो तो आत राक्षसच राक्षस! मग माझ्या बागुलबुवाने असे काय घोडे मारले होते? ह्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही.

पुस्तक मॉरिस सेंडाक ह्या अमेरिकन चित्रकाराचे. 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे त्याचे नाव. ते १९६३ साली निघाले व पुढल्याच वर्षी त्याला चित्रपुस्तकांसाठीचे मानाचे कॅल्डिकॉट पदक मिळाले. कथा एवढीशी. लांडग्याचा वेष चढवून मॅक्स नावाचा मुलगा धुडगूस घालतो; आईला 'खाऊन टाकीन' म्हणतो; उपाशी झोपण्याची शिक्षा होते. खोलीत अरण्य उगवते, नाव येते, मॅक्स राक्षसांच्या बेटावर पोचतो, पापणी न लवविता त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांना वश करतो आणि त्यांचा राजा होतो. शेवटी घरची ओढ लागून परततो, तो खोलीत गरम जेवण वाट पाहात असते.

सेंडाकची करामत चित्रांच्या आकारात आहे. आरंभीची चित्रे लहान, भोवती पांढरे समास भरपूर. खोलीचे अरण्य होऊ लागते तशी चित्रे फुगत जातात, समास गिळून टाकतात, समोरच्या पानावर चढतात. राक्षसांच्या धांगडधिंग्याला तर सलग तीन जोडपाने आहेत, त्यांवर एक अक्षर नाही. तेथे वाचून दाखविणारा आजोबाही मुका होतो. मग शब्द हळूहळू परत येतात, आणि अखेरच्या पानावर चित्र नसून केवळ थोडे शब्द उरतात. भीती वाढावी कशी आणि उतरावी कशी, हे पाने उलटता उलटताच मुलाला कळते.

आणि एक बारीकशी जागा. मॅक्स कुत्र्यामागे धावतो त्या चित्रात भिंतीवर एका राक्षसाचे चित्र टांगलेले आहे, आणि त्यावर सही मॅक्सची! म्हणजे राक्षस त्याच्याच हातचा. माझा बागुलबुवा मोठ्यांचा नोकर होता. तो मुलीला राखीत नव्हता, आमची आज्ञा राखीत होता. हा फरक.

हे राक्षस सेंडाकने आपल्या नातेवाइकांवरून बेतले होते. गालगुच्चे घेत 'तुला खाऊनच टाकते' म्हणणाऱ्या मावश्या-आत्या कुणाला परक्या आहेत? तरी विद्वान बिथरलेच. ब्रूनो बेटेलहाइम ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६९ साली, पुस्तक स्वतः न वाचता, उपाशी निजविण्याच्या शिक्षेने मुले धास्तावतील असा आक्षेप घेतला. गरम जेवणाचे पान त्याच्यापर्यंत पोचले नसावे.

ह्याच वाटेवरचे दुसरे पुस्तक लेमनी स्निकेट व जॉन क्लासेन ह्यांचे 'द डार्क', २०१३ सालचे. त्यात अंधार हा घरातला एक रहिवासी आहे; तो तळघरात राहतो. एका रात्री तो लाझलो ह्या मुलाला हाक मारतो आणि खाली नेऊन एका खणातले छोटे दिवे दाखवितो. क्लासेनची काळी पाने डोळे भरून पाहावीत अशी आहेत. पण मुलगा खणापाशी पोचतो न पोचतो तोच लेखक त्याला तसाच उभा ठेवून अंधाराच्या उपयुक्ततेवर पानभर बोलत बसतो. नातीने तेवढे पान सरळ उलटले. टीकाकार म्हणून मी तिच्याशी सहमत आहे. ज्याची हाक ऐकून मूल तळघरात उतरले, त्या अंधाराची वकिली करण्याचे कारण उरत नाही.

असो. ह्या पुस्तकांनी भुते हाकलून दिलेली नाहीत, हे मला मोलाचे वाटते. भीती मुलाच्या ठायी असतेच. ती नाही म्हटल्याने मूल एकटे पडते. माझी मुलगी तशी एकटी पडली होती, आणि तेही मी शेजारच्या खोलीत घोरत असताना.

चवथ्या रात्री पुस्तक मिटले तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, त्या राक्षसांना कोण जेवायला देणार?"

मी पान पुन्हा उघडले. खरेच की! राजा झाल्यावर मॅक्सने त्यांनाही उपाशीच झोपायला पाठविले आहे; आईची शिक्षा त्याने पुढे चालविली. इतक्या वेळा वाचूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मला एकदम माळ्यावरच्या त्या जुन्या नोकराची आठवण झाली. त्यालाही आम्ही कधी जेवायला विचारले नव्हते.