लगाम कोणाच्या हाती?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ‘मर्यादित सरकार’वाल्यांच्या पंक्तीत बसविण्याचा उद्योग अलीकडे बराच वाढला आहे. या मंडळींच्या हाती १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध असतो. आमचे समाजवादी मित्र १९४७ चे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन उघडतात आणि रुपयावरचा प्रबंध विद्यार्थिदशेतला अभ्यास म्हणून बाजूला सारतात. मी दोन्ही ग्रंथ एकापाठोपाठ एक वाचले. दोन्ही पक्षांनी बाबासाहेब अर्धे अर्धे वाटून घेतले आहेत, असे माझे स्पष्ट मत झाले.

प्रबंधातला वाद प्रामुख्याने केन्सशी आहे. केन्सने १९१३ च्या आपल्या पुस्तकात सुवर्ण विनिमय पद्धतीची भलामण केली होती. या पद्धतीत रुपये किती पाडायचे ते सरकारच्या मर्जीवर राहते. बाबासाहेबांचा आक्षेप नेमका या मर्जीवर आहे. चलन फुगले की भाव चढतात, मजुरी मागे रेंगाळते आणि मालकाचा नफा पुढे पळतो, हे ते आकडेवारीनिशी मांडतात. म्हणून टांकसाळ जशी जनतेला बंद तशी सरकारलाही बंद करा, ही त्यांची मागणी. ‘मर्यादित सरकार’वाले येथपर्यंत बरोबर येतात, परंतु ही मर्यादा कोणाच्या पोटासाठी मागितली होती, हे मात्र ते सांगत नाहीत.

१९४७ चे निवेदन शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी लिहिले गेले. मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे करावेत, शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातिभेद न करता कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, अशी त्यातली योजना. सरकारने हात आखडला की व्यक्ती स्वतंत्र होते, या समजुतीची त्यात कठोर चिकित्सा आहे. सरकार मागे सरले की मोकळ्या झालेल्या जागेत मालक बसतो. ज्याच्या घरी चूल पेटायची तर मालकाची मर्जी राखावी लागते, त्याचे भाषणस्वातंत्र्य कागदावरच राहते. मात्र ही सारी योजना त्यांना संसदेच्या इच्छेवर सोडायची नव्हती. आज आलेल्या बहुमताने करावी आणि उद्याच्या बहुमताने मोडावी असे होऊ नये, म्हणून ती संविधानातच हवी होती. १९२३ मध्ये टांकसाळीला कुलूप, १९४७ मध्ये बहुमताला. मला यात विसंगती दिसत नाही.

आमच्या बाजूने पाहिले तर हक्क आणि सार्वजनिक पैसा या वेगळ्या गोष्टी कधीच नव्हत्या. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव झाला, तो सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या पाणवठ्यांविषयी व धर्मशाळांविषयी. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे ठरावाने खुले केले, पण १९२७ च्या मार्चपर्यंत अस्पृश्यांना तेथे पाणी भरता आले नाही. सत्याग्रहानंतर सवर्ण कोर्टात गेले ते तळे खासगी आहे, हे म्हणणे घेऊन. १९३७ साली उच्च न्यायालयाने ते फेटाळले. ‘हे सरकारचे नाही, आमचे आहे’ हा युक्तिवाद या देशात जातीने फार पूर्वीच शिकून घेतला होता. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर राज्याच्या निधीतून चालणे हा निकष आला, त्यामागे हा इतिहास आहे.

तरीही निवेदनाविषयी माझी एक तक्रार आहे. राज्य जमिनीचे मालक झाले तरी सातबारा लिहिणारा हात कोणाचा? प्रशासन सवर्णांच्या हाती आहे आणि ते आमच्याशी वैरभावाने वागते, हे बाबासाहेब त्याच निवेदनात सांगतात. नोकऱ्यांत वाटा आणि स्वतंत्र वसाहती मागतात. परंतु सामुदायिक शेतीवर पाणी कोणाला आधी, बियाणे कोणाला आधी, हे ठरविणारा माणूस त्याच गावातून येणार, याचा पुरेसा बंदोबस्त मला त्या योजनेत सापडत नाही.

त्याचे उत्तर त्यांच्या दुसऱ्या एका भाषणात शोधावे लागते. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकाला त्यांनी न्यायसंस्थेपेक्षाही महत्त्वाचे स्थान दिले. आमच्या टीकाकारांनी या भाषणाकडे फारसे पाहिलेले नाही. हिशेबाच्या वह्यांत विद्रोह कसला, असे त्यांना वाटत असावे. पण अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेचे शेकडो कोटी रुपये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेकडे वळविले गेले, हे २०१० साली राज्यसभेत खुद्द गृहमंत्र्यांना मान्य करावे लागले. कर्नाटकाने २०१३ साली अशा निधीसाठी कायदा केला, आणि त्यातच ७-डी ही पळवाट ठेवली. सर्वांसाठीच्या कामावरचा खर्चही त्या कलमाखाली आमच्या नावावर मांडता येत होता. ते कलम निघायला २०२३ साल उजाडले.